समोरच्याची उजवी बाजू

ते साल एकोणीसशे चौसष्ट. तारीख आता सांगता येणार नाही, पण वार गुरुवार होता, कारण आमच्या रुग्णालयात मोठ्या शस्त्रक्रिया गुरुवारी होत. सकाळी सहा-साडेसहाला नवऱ्याने आदल्या दिवशी शिंप्याकडून आणलेला नवा शर्ट अंगात घातला, बटणं लावली आणि सवयीने पेन खिशात सोडलं. पेन जमिनीवर पडलं. त्याने उचललं, पुन्हा सोडलं, पुन्हा पडलं. मग त्याने मान खाली घालून छातीकडे पाहिलं. खिसा उजव्या बाजूला होता. "घ्या," तो म्हणाला, "शिंप्याने माझं काळीजच इकडचं तिकडे केलं." मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याला विनोद सुचला याचं मला बरं वाटलं, मीही हसले. "कापड दोन्ही अंगांनी सारखंच दिसतं," तो खिसा चाचपत म्हणाला. "उलटं टाकून खुणा केल्या असणार गाढवाने. मग पुढचं सगळं नीट. शिवण बघ किती सुरेख घातलीय." मी शिवण पाहिली. खरोखर सुरेख होती. आणि त्या सरळ, बारीक, एकसारख्या टाक्यांकडे पाहता पाहता मी कप तसाच खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले.

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात आकृत्या काढत असे. तेव्हा नोकरीला अकरा वर्षं झाली होती. डॉक्टरकीशी माझा संबंध नव्हता, शाळेतली चित्रकला चांगली एवढंच भांडवल. बाकी सगळं मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे आमच्या आकृतिकक्षाचे प्रमुख, काडीसारखे बारीक, बोटांना कायम औषधी पाण्याचा वास. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका कोऱ्या बाह्याकृतीसमोर उभं केलं. "हा माणूस उभा आहे, तोंड तुमच्याकडे, हात अंगालगत, तळवे पुढे. तो झोपला, वाकला, टांगला, काही झालं तरी आपल्या लेखी तो असाच उभा. त्याची उजवी ती तुमच्या डाव्या हाताला. गोंधळ होईल तेव्हा एक लक्षात ठेवा, बाई. इथे तुम्हाला बाजू नाही. बाजू फक्त त्याला." वर-खाली म्हटलेलं त्यांना चालत नसे. डोक्याकडचं आणि पायांकडचं म्हणा. आत-बाहेर नाही, मध्यरेषेजवळचं आणि मध्यरेषेपासून लांबचं. हाताचा जो भाग धडाजवळ तो समीपस्थ, बोटांकडचा तो दूरस्थ. मला ते शब्द फार आवडले. शाळेत मी कधीच हुशार नव्हते, आणि इथे मला एक अख्खी भाषा मिळाली होती, जिच्यात प्रत्येक गोष्टीला नेमकी एक जागा होती. घरी नवरा चष्मा शोधायला लागला की मी सांगायचे, "कपाटाच्या दूरस्थ टोकाला." वन्सं लगेच म्हणायच्या, "घरात माणसांसारखं बोलावं. इथे कुणी मेलेलं नाही."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचा नवरा वारल्यावर त्या भावाकडे आल्या त्या राहिल्याच, म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासून. विणकामाच्या यंत्रावर लोकरीचे सदरे विणून विकायच्या, कुणाच्या एका पैशाला मिंध्या नव्हत्या. मला नावाने कधी हाक मारली नाही. 'चित्रकार' म्हणायच्या. "चित्रकार, डाळ करपली." "चित्रकार आल्या, आता घर कसं उठून दिसेल." त्यांच्या कमरेत वर्षभर दुखत होतं, पण कुठे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "कुठे नाही ते विचार." शेवटी एका रात्री तापाने फणफणल्या तेव्हा नवऱ्याने त्यांना आमच्या रुग्णालयात आणलं. त्या आठवड्यात आमचं क्ष-किरणाचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून फिल्म समोरच्या रस्त्यावरच्या एका छोट्या दुकानातून काढून आणली. तिच्यात मूत्रपिंडातला खडा स्पष्ट दिसत होता, चिंचोक्याएवढा. ते मूत्रपिंड सडलंय, काढूनच टाकावं लागेल, असं मोठे साहेब म्हणाले. मोठे साहेब म्हणजे आमचे मुख्य शल्यचिकित्सक. त्यांची एक पद्धत होती. शस्त्रक्रियेच्या खोलीत ते फिल्म बघत बसत नसत. फिल्मवरून बाह्याकृतीच्या छापील कागदावर रेखाटन करून ते टेबलासमोरच्या भिंतीवर लावायचं, आणि त्यावर ते भरवसा ठेवायचे. ती रेखाटनं अकरा वर्षं मी करत होते. वन्संचंही मीच केलं. दुसरं कुणी नव्हतंच. मंगळवारी दुपारी फिल्म प्रकाशपेटीवर ठेवली, गिरवली, खड्याला लाल रंग दिला, खाली लिहिलं: उजवं मूत्रपिंड. अक्षर माझं वळणदार होतं. मोठे साहेब त्याचं नेहमी कौतुक करत.

आमच्या फिल्मवर कोपऱ्यात शिशाच्या अक्षराची खूण उमटायची, त्यामुळे उजवी-डावीचा प्रश्नच येत नसे. या फिल्मवर खूण नव्हती. दुकानदाराने एकतर ठेवली नव्हती, नाहीतर ती कडेबाहेर गेली होती. आणि फिल्म दोन्ही अंगांनी सारखीच दिसते.

बसमध्ये नवरा शेजारी बसला होता. शर्ट तसाच होता, बदलायला वेळ नव्हता, पेन त्याने हातात धरलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत मंगळवारची दुपार आठवायचा प्रयत्न करत होते, आणि ती आठवत नव्हती. पेटीचा पांढरा उजेड आठवत होता, खिडकीत ठेवलेला मास्तरांचा डबा आठवत होता, कुणीतरी जिन्यात मोठ्याने शिंकलं होतं तेही आठवत होतं, पण फिल्म मी पाकिटातून काढून कशी ठेवली ते माझ्या हाताला माहीत होतं, मला नाही. मग मी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. वन्संना दुखायचं कुठे? एवढं तर मला ठाऊक असणारच. सहा वर्षं एका घरात, एका चुलीवर. मला दिसली त्यांची उशी. विणायला बसताना त्या कमरेला एक लहान उशी लावून घ्यायच्या, आणि ती एकाच बाजूला असायची, खिडकीच्या बाजूला, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी दारातून आत येते, खिडकी माझ्या उजव्या हाताला, उशी खिडकीकडे. म्हणजे समोरच्या माणसाची डावी. आणि लगेच वाटलं, पण त्यांचं तोंड माझ्याकडे होतं का? मी आले की त्या खुर्ची वळवून घ्यायच्या, यंत्रावर वाकायच्या. पाठ माझ्याकडे असेल तर खिडकी त्यांच्याही उजव्या हाताला. मग उशी उजवीकडे, आणि माझी आकृती बरोबर. मी ती खोली पुन्हा डोळ्यांसमोर आणली. खुर्ची होती, उशी होती, लोकरीचे गुंडे होते, यंत्राचा खर्रर आवाज होता. त्यांचा चेहरा होता की मागचा अंबाडा, ते काही केल्या दिसेना. जिथे माणूस असायला हवा तिथे एक कोरी बाह्याकृती होती. मी सगळ्या शहराला हाताची हाडं क्रमाने सांगू शकले असते, आणि माझ्या घरातली बाई माझ्याकडे तोंड करून बसते की पाठ, हे मला माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं कारण मी पाहतच नव्हते. त्यालाही कारण होतं, आणि बस जसजशी रुग्णालयाजवळ येत गेली तसतसं ते कारण माझ्या मांडीवर येऊन बसलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझी आई आजारी पडली. गावाहून तार आली ती दुपारी एकला, वन्संच्या हातात. मला ती मिळाली संध्याकाळी सहाला, कामावरून आल्यावर, पाय धुऊन, चहा पिऊन झाल्यावर. "कामावर निरोप धाडला असता तर तिथे रडत बसली असतीस," वन्सं म्हणाल्या. "पोटात चार घोट गेले, आता जा." शेवटची गाडी साडेपाचला सुटली होती. सकाळच्या गाडीने पोचले तेव्हा आईचं सगळं आटोपलेलं होतं. मी भांडले नाही. मला भांडता येत नाही. मी फक्त त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं. वाढताना ताटाकडे बघायचे, बोलताना भिंतीकडे. सहा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं की राग कुठे संपला आणि सवय कुठे सुरू झाली ते मलाही सांगता आलं नसतं. आता बसमध्ये मला जे वाटत होतं ते असं: चूक झाली असेल, तर ती चूकच का? जो हात अकरा वर्षं चुकला नाही, तो नेमका या बाईच्या फिल्मवरच कसा चुकेल? मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो पिशवीवर शांत पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

आणि तेव्हा, बस थांब्याला लागत असताना, त्या हाताने मला सांगितलं. खोडरबर. मंगळवारी मी खोडलं होतं. माणसाचं उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली असतं, वरून यकृताचा भार असतो म्हणून. हे मी झोपेतही सांगेन. गिरवताना डाव्या बाजूचं खाली आलं होतं. मला ते डोळ्याला खटकलं, कागद सरकला असेल असं वाटलं, आणि मी ते खोडून बोटाच्या पेराएवढं वर घेतलं, उजवं खाली घेतलं. नीट दिसावं म्हणून. फिल्म मला ओरडून सांगत होती की मी उलटी आहे, आणि मी तिची शिवण सुरेख केली होती.

तरी खात्री नव्हती. काही लोकांचं डावंच खाली असतं, मास्तरांनीच तसं एक शव दाखवलं होतं. आठ वाजायला दहा मिनिटं होती, शस्त्रक्रिया साडेआठला. मोठ्या साहेबांकडे जाऊन काय सांगणार होते? मला वाटतं की बहुधा? मास्तरांचं एक वाक्य होतं: आकृतीवर 'कदाचित' लिहायला जागा नसते. शंका खोटी ठरली, तर अकरा वर्षांचं प्रत्येक रेखाटन लोक पुन्हा काढून बघतील. खरी ठरली तरी बघतील. आणि गप्प बसले आणि खरी ठरली, तर साहेब चांगलं मूत्रपिंड काढून थाळीत ठेवतील आणि सडकं आत शिवून टाकतील, आणि वन्सं आठ-दहा दिवस जगतील. नवऱ्याला मी पायऱ्यांवरच सोडलं. "कुठे निघालीस?" तो म्हणाला. "आलेच," म्हटलं, आणि बायकांच्या कक्षाकडे चालायला लागले. मग धावायला लागले.

वन्संना ढकलगाडीवर घेतलेलं होतं. गुंगीचं औषध दिलं होतं, अंबाडा सोडून केस कापडात बांधले होते, त्यामुळे त्या ओळखूच येईनात, कपाळ केवढं तरी मोठं दिसत होतं. परिचारिका म्हणाली, "बाई, आता भेटायची वेळ नाही, वर वाट बघतायत."

"एकच मिनिट. वन्सं."

त्यांनी डोळे उघडले. "चित्रकार," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "कामावर उशीर होईल."

"वन्सं, तुम्हाला दुखतं कुठे?"

"कुठे नाही ते..." आणि पुढचं त्यांना सापडेना. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला नजर हलवता आली नाही. डोळे घारे होते. सहा वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं. "आज विचारलंस," त्या म्हणाल्या.

"सांगा ना."

त्यांनी चादरीतून हात काढला, माझं मनगट धरलं आणि माझा तळवा ओढून आपल्या कमरेवर, बरगड्यांच्या खाली दाबला. गरम लागलं. "इथे गं. रात्रंदिवस इथेच." मी गाडीच्या कुठल्या बाजूला उभी होते, डोकं कुठे, पाय कुठे, काही मोजलं नाही. मोजायची गरज पडली नाही. मी दुसरा हात त्यांच्या छातीवर ठेवला, जिथे ठोके लागत होते ती बाजू. दोन्ही हात एकाच बाजूला होते.

"हे काय चाललंय," परिचारिका म्हणाली.

"गाडी हळू न्या," मी म्हटलं. "जिन्याजवळ थांबा. साहेब सांगेपर्यंत आत नेऊ नका."

मोठे साहेब हात धूत होते. कोपरापर्यंत साबण, तोंडाला फडकं. आत यायची मला परवानगी नव्हती, मी उंबऱ्यावर उभी राहिले. तिथून भिंतीवरचा माझा कागद दिसत होता, त्यातला लाल ठिपका दिसत होता.

"साहेब, माझी आकृती चुकली असावी."

"असावी?"

"चुकली आहे. खडा डावीकडे आहे."

पाणी वाहत राहिलं. "फिल्म मी स्वतः पाहिलीय, बाई."

"कोणत्या अंगाने?"

मी हे मोठ्या साहेबांना विचारलं यावर माझा आजही विश्वास बसत नाही. त्यांनी सहायकाला फिल्म उजेडाला लावायला सांगितली. चिमट्याने वरची कड धरली होती. ते म्हणाले, चिमटा काढ, हाताने धर. चिमट्याखाली, अगदी कडेला, जठरातल्या हवेचा काळा बुडबुडा अर्धवट दिसला. जठर डावीकडे असतं. बुडबुडा समोरच्याच्या उजवीकडे होता. सहायकाने फिल्म उलटी केली, आणि चिंचोक्याएवढा पांढरा डाग एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला. मग साहेब पुन्हा नळाकडे वळले आणि सुरुवातीपासून हात धुवायला लागले, एकेक बोट. "फिल्मवर खूण नव्हती," ते भिंतीला म्हणाले. "बाहेरच्या माणसाची चूक. तुम्ही वेळेवर लक्षात आणून दिलीत. एवढंच झालं. कळलं?"

मला कळलं. मी मान हलवली. ती मान मी हलवली हे मला इथे लिहायचं आहे.

खाली मास्तर भेटले. त्यांना बातमी पोचली होती. त्यांनी माझा कागद मागवून घेतला होता, आणि तो खिडकीच्या उजेडात तिरपा धरून बघत होते. खोडरबराचे ओरखडे तिरप्या उजेडात दिसतात. त्यांनी कागदाची चार घड्या घालून तो खिशात ठेवला आणि म्हणाले, "फिल्म चुकली तर चुकू द्यावी, बाई. ती सुधारायची नसते." आणि डबा खायला बसले. त्यावर पुन्हा एक शब्द काढला नाही, पण त्या दिवसापासून माझी रेखाटनं ते स्वतः तपासू लागले, आणि मला ते बरं वाटायचं.

वन्संची शस्त्रक्रिया साडेनऊला सुरू झाली आणि नीट पार पडली. पुढे मोठ्या साहेबांनी नियम केला की भूल देण्याआधी रोग्याने जिथे दुखतं तिथे स्वतःचा हात ठेवावा आणि डॉक्टरने तिथे शाईने खूण करावी. या नियमाबद्दल त्यांचा दोनदा सत्कार झाला. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी ते गेले. मास्तर त्यांच्या आधीच गेले, नोकरीत असताना. त्यांच्या मेजाच्या खणात तो कागद सापडेल म्हणून मी सगळ्यांच्या आधी जाऊन खण उपसला, पण तो नव्हता. रुग्णालयाने समोरच्या दुकानात फिल्मसाठी रोगी पाठवणं त्याच आठवड्यात बंद केलं. दुकानदार दोनदा येऊन कारकुनाशी भांडून गेला, तिसऱ्यांदा आला नाही. वर्षभरात त्याने यंत्र विकलं आणि फोटो काढायला लागला. पेन्शनच्या अर्जासाठी मला फोटो हवा होता तेव्हा बाकीची दुकानं बंद होती म्हणून त्याच्याकडे जावं लागलं. केस पिकले होते, मला तो ओळखत नव्हता. "मान जरा डावीकडे," म्हणाला. "तुमच्या डावीकडे." मी तीन प्रती मागितल्या आणि सुट्टे न घेता निघाले. तो पायऱ्यांपर्यंत मागे आला पैसे द्यायला.

नवऱ्याने मला एकदाच विचारलं होतं, "तुला कळलं कसं गं?" मी म्हटलं, "तुमच्या खिशामुळे." तो पुष्कळ हसला, आणि ते तो मरेपर्यंत लोकांना सांगायचा.

आणि वन्सं. वन्सं त्यानंतर एकोणीस वर्षं जगल्या. परिचारिकेने त्यांना सगळं रंगवून सांगितलं होतं: तुमची भावजय धावत आली, साहेबांना आडवी गेली, नाहीतर तुम्ही आज नसता. घरी आल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. मला चुकल्यासारखं झालं. शेजारीपाजारी, लोकर विकायला येणारा, दूधवाला, सगळ्यांना त्या सांगायच्या, "सगळ्या डॉक्टरांनी माझी उलटी बाजू धरली होती. एकटीने ओळखलं. एवढी शिकलेली माणसं, पण येऊन विचारलं हिनेच." मी कामावरून आले की खुर्ची माझ्याकडे वळवून बसायच्या. थंडीत मला तीन सदरे विणून दिले, एकाचीही वीण कधी उसवली नाही. एकदा मटार सोलताना, मान वर न करता, म्हणाल्या, "ती तार मी तुला दुपारीच द्यायला हवी होती." मी तोंड उघडलं. आता खोडरबराचं सांगावं, असं वाटलं, आता दोघींचंही फिटेल. पण मग त्या पुढे म्हणाल्या, "तरी तू धावत आलीस." मी मटार सोलत राहिले.

शेवटच्या दुखण्यात त्या त्याच रुग्णालयात, त्याच कक्षात होत्या. रात्रपाळी संपून नवी परिचारिका आली, अगदी लहान मुलगी, तिने विचारलं, "आजी, या कोण तुमच्या?" वन्संनी तिला जवळ बसवलं आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, थांबत थांबत, श्वास घेत. मध्ये एक तपशील विसरल्या तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग साहेब काय म्हणाले गं?"

मी सांगितलं, "म्हणाले, तुम्ही वेळेवर लक्षात आणून दिलीत."

"बघ," त्या मुलीला म्हणाल्या.